तुमचे प्रश्न, विणकामाची उत्तरं : पुलओव्हर अंगाला नीट का बसत नाही?

दिवाळी आटोपली की नागपुरात पहाटे गारवा सुटतो आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधे लोकर शिरते. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, डिझाईनचा पुलओव्हर विणला, दिसतो छान, पण अंगावर काही बसत नाही. म्हणून या वेळी टोप्या, मोजे, शाली सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त पुलओव्हरचे प्रश्न घेतलेत.

प्रतापनगरहून एक वाचक : ताई, यांच्यासाठी वेण्यांच्या डिझाईनचा पुलओव्हर विणून राहिली. यांची छाती ४० इंच. थोडा सैल हवा म्हणून ४४ धरली, म्हणजे पाठ २२ इंच. साध्या विणीत माझे इंचाला साडेपाच टाके येतात म्हणून १२० टाके घातले. हिशेब बरोबर होता नं? पाठ जवळपास पूर्ण झाली आणि मोजली तर फक्त साडेअठरा इंच! ओढून बसेल का, की उसवू?

उसवा. मला माहितीये हे वाचून पोटात गोळा येईल, पण ओढून बसणार नाही. दोन्ही भाग जोडले तर ३७ इंच होतात आणि यांची छातीच ४० आहे. धुताना ओढून वाळवलात तरी वेण्या पुन्हा आपल्या जागी येतात, तो त्यांचा स्वभावच आहे.

तुमचं गणित चुकलं नाही, तुम्ही ते चुकीच्या विणीवर केलंत. वेणीत तीन टाके तीन टाक्यांच्या डोक्यावरून जातात, म्हणजे शेजारी शेजारी बसायचे ते टाके एकमेकांवर चढून बसतात, मग रुंदी कमी होणारच. तुमच्या डिझाईनमधे इंचाला साडेसहा टाके बसले, १२० ला साडेसहाने भागा, साडेअठरा! साबुदाण्याची वीण (एक सुलट एक उलट, पण पुढच्या ओळीत सुलटावर उलट, म्हणून दाणे दिसतात) याच्या अगदी विरुद्ध, ती आडवी पसरते. आणि एक सुलट एक उलटची बॉर्डर आखडते. म्हणजे एकाच लोकरीचे, एकाच सुईवरचे, एकाच हाताचे टाके, पण वीण बदलली की माप बदललं.

त्यामुळे नमुन्याचा तुकडा विणायचा तो ज्या डिझाईनचा स्वेटर आहे त्याच डिझाईनचा, आणि चांगला सहा इंच रुंद तरी हवा, दोन बोटांची पट्टी नको. तो तुकडा स्वेटर जसा धुणार तसाच धुवायचा, पालथा पसरून वाळवायचा आणि मग मधले चार इंच मोजायचे, कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते खोटं बोलतात. अर्ध्या टाक्याचा फरक आला तर "जाऊ दे" म्हणू नका. ११० टाक्यांची पाठ इंचाला पाच टाक्यांनी २२ इंच होते आणि साडेपाचने २० इंच, म्हणजे अख्ख्या स्वेटरमधे चार इंच गेले!

आता नवीन आखणी सांगते. पूर्ण अंगभर वेण्या नका घेऊ, मधे वेण्यांचा पट्टा आणि दोन्ही बाजूला साबुदाणा घ्या. समजा पट्टा ४० टाक्यांचा आहे आणि तुकड्यावर तो साडेपाच इंच भरला. २२ मधून साडेपाच गेले, साडेसोळा इंच उरले. साबुदाण्याचे इंचाला पाच टाके येत असतील तर ८२ टाके, एका बाजूला ४१. एकूण १२२, आणि शिवणीत जाणारा एक एक टाका धरून १२४. यात एक मोठा फायदा आहे, पुढे कुणासाठी लहान-मोठा करायचा झाला तर वेण्यांना हातच लावायचा नाही, फक्त बाजूचा साबुदाणा कमी-जास्त करायचा. बॉर्डर मात्र १२४ वर सुरू करू नका, ११२ टाके घाला, १० नंबरच्या सुईवर विणा, आणि बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत १२ टाके वाढवून ८ नंबरवर या. ते वाढवलेले टाके जास्तीत जास्त वेण्यांच्या खाली येऊ द्या, नाहीतर वेणी सुरू होते तिथे बॉर्डरला चिमटा घेतल्यासारखं दिसतं. (आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. इंटरनेटवरच्या अमेरिकन पॅटर्नमधे याच्या उलट असतं, म्हणून नेहमी मिलिमीटरच बघा.)

उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच परत विणायला घेऊ नका. मी कॉलेजात असताना दादाच्या स्वेटरची चौदा इंच पाठ अशीच उसवली होती आणि घाईत तीच कुरळी लोकर परत सुईवर घेतली, सगळे टाके खालीवर आले आणि धुतल्यावर माप पुन्हा बदललं. तेव्हापासून उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करते, चार ठिकाणी सैल बांधते, कोमट पाण्यात बुडवून टॉवेलमधे दाबून पाणी काढते आणि सावलीत टांगते. नागपूरच्या कोरड्या थंडीत दुसऱ्या दिवशी वाळते, आणि सरळ झालेला धागा हातात घेतला की उसवल्याचं दुःख बरंच कमी होतं, खरंच.

महालातून एक वाचक : सासूबाईंसाठी दोन पुलओव्हर केले. दोन्हींचा गळा समोरून वर चढतो, त्या सारख्या खाली ओढत बसतात आणि मागून कमरेत आखूड होतो. त्यांचं वय ७४, पाठीला थोडा बाक आहे. माप तर मी बरोबर घेतलं होतं.

तुम्ही माप छातीचं घेतलंत, पाठीचं घेतलं नाहीत. बाक आला की मागून अंतर वाढतं आणि पुढून कमी होतं, पण आपण पाठ आणि पुढचा भाग सारख्याच लांबीचे विणतो. मग पाठीला कापड कमी पडतं, ती स्वेटर मागे ओढते आणि पुढचा गळा गळ्याशी येतो. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप पाठीवर टेकवून मोजा, मग तेच त्यांच्या नीट बसणाऱ्या ब्लाऊजवर किंवा जुन्या स्वेटरवर मोजा, दीड-दोन इंचांचा फरक सहज निघेल.

हा फरक अर्ध्या ओळींनी भरायचा. मुंढा झाल्यावर पाठीच्या वरच्या भागात ओळ पूर्ण न विणता शेवटचे सात-आठ टाके सोडून परतायचं, दुसरीकडेही तसंच, पुढच्या वेळी आणखी सात-आठ सोडायचे. परतताना पुढचा टाका न विणता सुईवर घ्यायचा, धागा त्याच्याभोवती फिरवायचा, टाका परत जागेवर ठेवायचा आणि मग वळायचं. हा वेढा दिला नाही तर तिथे भोक पडतं. नंतर पूर्ण ओळ विणताना वेढा आणि टाका एकत्र विणला की काही दिसत नाही. अशा चार फेऱ्या, म्हणजे आठ ओळी केल्या की मधे साधारण एक इंच लांबी वाढते आणि कडा मात्र तेवढ्याच राहतात, त्यामुळे बाजूची शिवण बरोबर जुळते. पाठीवर वेण्या असतील तर अर्ध्या ओळी मोजून वेणीच्या दोन पिळांच्या मधे घ्या, किंवा पाठ सरळ साबुदाण्याचीच ठेवा, मी तेच करते.

आणि गळ्याचं सगळ्यांनाच सांगते. पुढचा गळा खांद्यापासून अडीच-तीन इंच खाली हवा, मागचा पाऊण इंच. दोन्ही सारखे ठेवले तर सरळ पाठीच्या माणसालाही गळा टोचतो. आपल्याकडे तर सकाळी गारठा आणि दुपारी ऊन, अकरा वाजले की स्वेटर डोक्यातून काढायचा आणि संध्याकाळी परत घालायचा, म्हणून गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, त्या पहाटे माझ्या आईने घट्ट गळ्याचा स्वेटर नको म्हणून शाल घेतली होती आणि तो स्वेटर मीच विणलेला होता. तेव्हापासून गळा डोक्यातून सहज जातो की नाही हे बघितल्याशिवाय मी धागा तोडतच नाही.

धरमपेठहून एक कॉलेजची विद्यार्थिनी : ताई, पहिलाच पुलओव्हर आहे. मरून-काळ्या मिक्स रंगाची लोकर घेतली, त्यावर उठावाचं डिझाईन करायचंय. बाह्यांचं काय करू, मुंढा नाही जमून राहिला.

ती मरून-काळी लोकर मफलरला ठेव. उठावाची वीण दिसते ती सावलीमुळे, गडद रंगात सावली हरवते आणि मिक्स रंगात डोळा रंगाकडेच जातो, वेणीकडे जातच नाही. मोती, बिस्किटी, फिकट राखाडी, फिकट मोरपंखी असा एकच सपाट रंग घे. आणि लोकर एकदमच घे, सगळ्या गुंड्यांच्या लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघून, एखाद गुंडा जास्तीचा, कारण वेण्यांना साध्या विणीपेक्षा जास्त लोकर लागते. इतवारीत किंवा बर्डीवर महिनाभराने परत गेलीस तर तोच रंग मिळेल, तोच लॉट मिळेलच असं नाही, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न दिसणारा फरक घरी उन्हात पहिल्याच दिवशी दिसतो.

मुंढा जमत नसेल तर रॅगलन कर. यात बाही गळ्यापासून तिरकी निघते. हे नाव लॉर्ड रॅगलनवरून आलंय, १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. टाक्यांचं गणित एलिझाबेथ झिमरमन यांच्या टक्केवारीने कर, जन्माने इंग्लिश, राहिल्या अमेरिकेत, हाताने विणणाऱ्यांवर त्यांचे फार उपकार आहेत. छातीचे एकूण टाके म्हणजे शंभर टक्के. समजा २०० आहेत, तर मनगटाला २० टक्के म्हणजे ४०, दंडाला एक तृतीयांश म्हणजे ६६ च्या आसपास, काखेत ८ टक्के म्हणजे १६ आणि गळ्याला ४० टक्के म्हणजे ८०. बाह्या आणि अंग गोल सुईवर एकत्र घेतलं की बाही आणि अंग जिथे जुळतात त्या चार जागी दोन-दोन, म्हणजे एक फेरी सोडून एका फेरीत आठ टाके कमी करत जायचं. तुझे दंड भरलेले असतील तर ३५-३६ टक्के धर, गणित आपल्यासाठी आहे, आपण गणितासाठी नाही. डिझाईन समोर मधोमध एकच पट्टा ठेव, तिरक्या रेषांपासून लांब.

सदरहून एक वाचक : अॅक्रिलिकच्या स्वेटरला वेण्या उठून दिसाव्यात म्हणून वाफेची इस्त्री दिली, सगळं चपटं आणि लुळं झालं. परत येईल का?

नाही येणार. अॅक्रिलिकचा धागा उष्णतेने कायमचा ढिला पडतो, उपाय नाही. पुढच्या वेळी नुसता धुऊन पसरून वाळवा, वेण्या बोटांनी थोड्या चिमटून उभ्या करा. दोरीवर मात्र टांगू नका, ओल्या वजनाने लांब होतो.

मानेवाड्याहून एक आजी : बाई, नात दोन वर्षांची, पुण्याला असते. वर्षात एकदाच भेट होते. मोठा विणला तर लोंबतो, बेताचा विणला तर पुढच्या थंडीत होत नाही. आणि डोकं मोठं म्हणून गळ्यातून जाताना रडते. हाताचं काहीतरी खास असावं त्यात असं वाटतं.

आजी, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे कोळी गॅन्सी नावाचे स्वेटर घालत, त्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. त्यांच्या बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणलेल्या असत, मुंढ्याच्या कडेचे टाके उचलून खाली यायचं. मनगट झिजलं की तेवढंच उसवून नवीन करायचे. तुम्हीही तसंच करा, पुढच्या दिवाळीला बॉर्डर उसवून दोन इंच वाढवता येईल, आणि म्हणून डिझाईन फक्त छातीवर ठेवा, बाह्या साध्या. दुसरी गोष्ट, ते काखेत शंकरपाळ्यासारखा एक छोटा तुकडा घालत, त्याने हात वर करताना स्वेटर ओढला जात नाही. दोन वर्षांची पोर दिवसभर हात वरच करत असते.

डोक्यासाठी डावा खांदा जोडूच नका. मागच्या खांद्याला सहा ओळींची साबुदाण्याची पट्टी वाढवा, पुढच्या खांद्यावर तशीच पट्टी करून तिच्यात तीन काज ठेवा, काज म्हणजे दोन टाके बंद करून पुढच्या ओळीत तिथेच दोन नवीन घालायचे. बटणं करवंटीची करा. पातळ करवंटीचे रुपयाएवढे गोल कापून घ्यायचे, काचपेपरने आधी जाड, मग बारीक घासायचे, कडा बोट फिरवून बघायच्या, दोन भोकं पाडायची आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. तेल लागल्याबरोबर करवंटीच्या रेषा वर येतात, फिकट लोकरीवर त्या फार सुंदर दिसतात. आजोबांना हे काम दिलंत तर त्यांच्याही हातचं काहीतरी त्यात राहील. शिवताना आतल्या बाजूने छोटं सपाट बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, म्हणजे लोकर फाटत नाही, आणि धागा चार-पाच वेळा ओढून बघा, एवढ्या लहान मुलीच्या तोंडात बटण जायला नको.

आतल्या शिवणीला त्याच लोकरीची दहा-बारा हात लांब लडी बांधून ठेवा, उरलेला गुंडा आणि एक जास्तीचं बटण तुमच्याकडेच राहू द्या, बाही वाढवायला लागेलच.