३ टेस्लाच्या एमआरआयवर त्वचेचे थर वेगवेगळे का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) एमआरआय यंत्रावर पोटरीचे स्कॅन केले तरी त्वचा म्हणजे चरबीवरची एक काळपट रेघच दिसते, तर याहून ताकदवान यंत्र लागेल का? नाही लागणार. १९९०च्या सुमारास १.५ टेस्लाच्या संपूर्ण शरीराच्या यंत्रांवरही हे थर वेगळे दाखवले गेले होते. तुमची अडचण कॉइल (शरीरातून येणारा सिग्नल पकडणारे वेटोळे) आणि व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान त्रिमितीय ठोकळा) यांच्या मापाची आहे.

बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी ०.०५ ते ०.१ मिमी जाड असते, अंतस्त्वचा साधारण १ ते २ मिमी. नेहमीचा ०.५ × ०.५ × ३ मिमीचा व्हॉक्सेल घेतला तर सगळ्या त्वचेच्या वाट्याला तीन-चार पिक्सेल येतात. खोलीच्या दिशेने ०.१ मिमी तरी हवे. समजा ०.१ × ०.२५ × २ मिमी ठेवले, तर व्हॉक्सेलचे आकारमान ०.७५ वरून ०.०५ घन मिमीवर येते आणि सिग्नल १५ पट घटतो. तो नुसती ॲव्हरेजेस (तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढणे) वाढवून भरून काढायचा तर २२५ पट वेळ लागेल. म्हणून गुडघ्याची कॉइल बाजूला ठेवा आणि २ ते २.५ सेंमी व्यासाची छोटी सरफेस कॉइल (त्वचेजवळ ठेवायची) वापरा. अशी कॉइल साधारण आपल्या त्रिज्येइतक्या खोलीपर्यंतच नीट ‘ऐकते’, आणि त्वचेला तेवढे पुरते. मात्र ती यंत्राला जुळणारी आणि ट्रान्समिटच्या वेळी (यंत्र रेडिओलहरी सोडते तेव्हा) आपोआप डीट्यून, म्हणजे निष्क्रिय, होणारी असावी. घरगुती तारेचे वेटोळे लावू नका, त्याने त्वचा भाजते.

कॉइलचे प्रतल यंत्राच्या बोगद्याच्या लांबीला समांतर ठेवा. ते आडवे आले, म्हणजे मुख्य चुंबकीय क्षेत्राला काटकोनात, तर सिग्नल जवळजवळ मिळतच नाही. टाचेचा तळ बघताना ही चूक हमखास होते, कारण उताणे झोपल्यावर तळवा बोगद्याच्या तोंडाकडे असतो. तिथे माणसाला पालथे झोपवून पाऊल ताणून ठेवायचे, म्हणजे तळवा वर येतो.

सर्वांत जास्त नुकसान करते ती फ्रीक्वेन्सी एन्कोडिंगची दिशा. एमआरआय चित्राची एक दिशा सिग्नलच्या फ्रीक्वेन्सीवरून ओळखतो आणि दुसरी फेजवरून, पायरीपायरीने. ३ टेस्लाला चरबी आणि पाणी यांच्यात सुमारे ४४० हर्ट्‌झचा फरक असतो. पिक्सेलमागे १५० हर्ट्‌झ बँडविड्थ (एका पिक्सेलच्या वाट्याचा फ्रीक्वेन्सीचा पट्टा) असेल तर चरबी तीन पिक्सेल सरकते. ही दिशा खोलीकडे असेल, तर अंतस्त्वचा ०.३ मिमीने जाड किंवा पातळ भासते आणि चित्र मात्र अगदी स्वच्छ दिसते, म्हणून चूक लक्षातच येत नाही. फ्रीक्वेन्सी त्वचेला समांतर आणि फेज खोलीकडे घ्या. चरबी मग आडवी सरकेल, जाडी बिघडणार नाही. खोलीकडे २५ मिमी एफओव्ही (चित्रात येणारे क्षेत्र) आणि २५६ फेज पायऱ्या, टीआर (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतचा वेळ) ६०० मिलिसेकंद, दोन ॲव्हरेजेस, एवढ्याला साधारण पाच मिनिटे लागतात.

अंतस्त्वचेत कोलॅजन दाट असल्याने तिचा टी२ (सिग्नल विझण्याचा काळ) फार कमी असतो. टीई (सिग्नल नोंदवेपर्यंतचा वेळ) १० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. वेळ वाचवायला टर्बो स्पिन एको (एका वेळी एकामागून एक अनेक एको, म्हणजे परतलेले सिग्नल, नोंदवणारी पद्धत) घेण्याचा मोह होतो, पण लांब एको ट्रेनमध्ये हा सिग्नल विझत जातो आणि चित्र फेजच्या दिशेने, म्हणजे नेमके खोलीकडेच, पुसट होते. मी साधा स्पिन एकोच सुचवेन.

स्लाइस (चित्राचा काप) त्वचेला काटकोनात हवी. २ मिमीची स्लाइस १० अंशांनी कलली तर थरांची सीमा ०.३५ मिमी पसरते, आणि मग ०.१ मिमीच्या पिक्सेलला काही अर्थ उरत नाही. म्हणून सपाट जागा निवडा. पाय व्हॅक्यूम कुशनमध्ये बसवा, कारण ०.२ मिमी हालचाल म्हणजेही दोन पिक्सेल. पोटा-छातीवर श्वासामुळे हे फार कठीण जाते.

कॉइल आणि त्वचा यांच्यात १-२ मिमी फट राहू द्या. कॉइल दाबून बांधली तर तुम्ही दाबलेल्या त्वचेची जाडी मोजाल. जेल लावू नका, तिच्यातल्या पाण्याचा सिग्नल बाह्यत्वचेला चिकटून दिसतो. मलम, लोहाचे रंग असलेली प्रसाधने आणि औषधी पट्ट्या काढून टाका. काही पट्ट्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमचा थर असतो, आणि त्यामुळे त्वचा भाजू शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्येच दिला होता. त्या जागी गोंदण असेल तर दुसरी जागा घ्या.

हे जमले की टी१ चित्रात (वरच्या कमी टीआर आणि टीईचे चित्र) वर बारीक उजळ बाह्यत्वचा, खाली गडद अंतस्त्वचा आणि मग काळे धागे विणलेली उजळ चरबी दिसेल. पोटरीवरची बाह्यत्वचा जेमतेम एका पिक्सेलची, तिची जाडी मोजू नका. त्यासाठी टाच बरी. अंतस्त्वचेत सीमेला समांतर जास्तीची रेघ दिसली तर लगेच ‘नवा थर’ म्हणू नका. फेज पायऱ्या २५६ वरून ३२० करून पाहा. रेघेची जागा बदलली तर ती ट्रंकेशनची लहर (मोजमाप ठरावीक पायऱ्यांवर थांबवल्याने उमटणारी खोटी रेघ) आहे.

संशयास्पद तिळासाठी हे करत असाल तर थांबा. मेलॅनोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) खोली ठरवताना ०.८ आणि १ मिमी असल्या सीमा असतात, आणि तो निर्णय बायोप्सीचाच. पृष्ठभागाजवळचे बारकावे २० मेगाहर्ट्‌झच्या अल्ट्रासाउंडवर कमी खटपटीत दिसतात. एमआरआयचा खरा उपयोग त्याखाली: गाठ स्नायूच्या आवरणाला, कूर्चेला किंवा हाडाला भिडली आहे का, भगंदराचे फाटे कुठवर गेले आहेत, नखाखाली ग्लोमस गाठ (एक छोटी दुखरी गाठ) आहे का, हे बघायला.