क्लाउडिया निस्टाडकडे वैयक्तिक सुवर्ण एकही नाही, तरी तिला महान का म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: जर्मनीची क्रॉस-कंट्री स्कीअर (म्हणजे पायात स्कीज घालून बर्फातले चढ-उतार पळणारी) क्लाउडिया निस्टाड हिच्याकडे सहा ऑलिंपिक पदकं आहेत, पण एकटीने मिळवलेलं त्यात एकच, तेही रौप्य. मग ती खरंच महान, की नशिबाने चांगली टीम मिळाली?

माझ्या मते महान. आणि ज्या पाच पदकांबद्दल तुम्हाला शंका आहे, त्या पाचांमुळेच.

मी एम. एस.साठी दोन वर्षं जर्मनीत केमनित्सला होतो. तिथून एर्त्सगेबिर्गेच्या डोंगरात जाणारी गाडी चोपाऊ नावाच्या गावावरून जाते. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे चोपाऊ मला माहीत होतं ते मोटरसायकलींमुळे. डीकेडब्ल्यूचा कारखाना तिथला, नंतरच्या एमझेड गाड्याही तिथल्याच. आमच्या लॅबमधले एक वयस्कर तंत्रज्ञ त्याच डोंगरातले. त्यांना मी मोटरसायकलींबद्दल विचारायला गेलो, तर म्हणाले, "आमच्या चोपाऊची क्लाउडियाही आहे." तोवर मी हे नावही ऐकलं नव्हतं.

ती 1 फेब्रुवारी 1978 ला चोपाऊत जन्मली, म्हणजे पूर्व जर्मनीत. बर्लिनची भिंत पडली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचा क्लब ओबरवीझेनटालचा. हे जर्मनीतलं सगळ्यात उंचावरचं शहर, चेक सरहद्दीला अगदी खेटून. क्रान्त्सालला उतरून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी धरायची, ती धुरासकट वर नेऊन सोडते. जुने निकाल शोधाल तर एक लक्षात ठेवा: आधी ती क्लाउडिया क्युन्झल होती. ट्रोंड निस्टाड या नॉर्वेजियन प्रशिक्षकाशी लग्न झाल्यावर काही काळ क्युन्झल-निस्टाड आणि मग नुसती निस्टाड. तीन नावांत विखुरल्यामुळे तिची कारकीर्द एकदम डोळ्यांत भरत नाही, असं मला नेहमी वाटतं.

आता रिलेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. बायकांच्या रिलेत चौघी असतात आणि क्लाउडियाच्या काळात प्रत्येकीला पाच किलोमीटर असायचे. पहिल्या दोघी क्लासिक पद्धतीने, म्हणजे बर्फात मशीनने पाडलेल्या दोन समांतर चरांतून पाय पुढे-मागे सरकवत जातात. नंतरच्या दोघी फ्री पद्धतीने, बर्फावर स्केटिंग केल्यासारखं पाय बाहेर फेकत. हातात बॅटन वगैरे काही नसतं. येणारीने पुढच्या मुलीला हाताने स्पर्श करायचा की ती सुटली. आपल्या खो-खोत पाठीवर खो देतात, जवळपास तसंच.

ओबरवीझेनटालला एका रविवारी भाड्याची स्कीज घेऊन मी शिकायचा प्रयत्न करत होतो. बाजूला क्लबची दहा-बारा वर्षांची मुलं रिलेचा सराव करत होती. एक मुलगी शेवटचा चढ चढून आली. तोंडातून वाफ, पापण्यांवर बर्फाचे कण, काठ्या मारताना कंबरेतून अक्षरशः दुमडत होती. पुढे उभ्या मुलाच्या पाठीवर तिचा हात पडला, तो निघाला आणि ही तिथेच बर्फात आडवी झाली. प्रशिक्षक तिच्याकडे आला नाही. तो त्या मुलाच्या पहिल्या दहा ढांगा बघत होता. उठल्यावर तिने आधी मान वर करून आपल्या टीमचा मुलगा कितवा आहे ते पाहिलं. तेव्हापासून मला रिले बघायला जास्त आवडते. एकट्याच्या शर्यतीत शरीर नाही म्हणालं की हिशेब स्वतःशी असतो. इथे समोर पाठ करून कोणीतरी तुमच्या हाताची वाट बघत असतं.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकच्या रिलेत क्लाउडियाला तिसरा टप्पा दिला होता. मानुएला हेंकेल, व्हिओला बाउअर, मग क्लाउडिया आणि शेवटी एव्ही साखनबाखर. लोक म्हणतात रशिया नव्हती म्हणून जिंकल्या. रशियाची टीम त्या सकाळी लारिसा लाझुतिनाच्या रक्तचाचणीमुळे बाहेर पडली हे खरं. पण नॉर्वे होती ना! बेंटे स्कारी, मारित ब्योर्गेन अशी नावं त्या टीममध्ये होती. जर्मनीने त्यांना 1.3 सेकंदांनी हरवलं. शेवटची झेप एव्हीची, फोटोही तिचेच निघाले. पण वीस किलोमीटरच्या शर्यतीत फरक सव्वा सेकंदाचा असेल, तर तिसऱ्या टप्प्यात एखाद्या चढावर क्लाउडियाने दोन सेकंद सैल सोडले असते तरी ते सुवर्ण गेलं असतं. पुढच्याच वर्षी इटलीत व्हाल दि फिएम्मेच्या जागतिक स्पर्धेत या टीमने पुन्हा रिले जिंकली. दोन वर्षं सलग नशीब असं चालत नाही.

2006 च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये रिलेचं रौप्य आणि त्यानंतर ते एकटीचं रौप्य, स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान शर्यतीत. पात्रता, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम, सगळं एकाच दिवशी. कॅनडाची चांद्रा क्रॉफर्ड पुढे गेली आणि क्लाउडिया 0.7 सेकंदांनी मागे राहिली. जगातल्या सगळ्या स्प्रिंटर्समध्ये दुसरी आलेली मुलगी "टीममुळे" मोठी झाली असं कसं म्हणणार? वर्ल्ड कपचा एकूण किताब, म्हणजे हंगामभराच्या गुणांवर मिळणारा, तिने कधी जिंकला नाही, हे मान्य. पण आठवडेच्या आठवडे, महिनोन्महिने सगळ्यांच्या पुढे राहणं हा वेगळा गुण आहे आणि नेमक्या दिवशी, नेमक्या चढावर पाय न सोडणं हा वेगळा.

हा दुसरा गुण बघायचा असेल तर 22 फेब्रुवारी 2010, व्हँकुव्हर ऑलिंपिकमधलं व्हिस्लर. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या शर्यतीत आहे. टीम स्प्रिंट, दोघींची जोडी: एव्ही आणि क्लाउडिया. आलटून पालटून प्रत्येकी तीन फेऱ्या, एक फेरी साधारण तीन मिनिटांची. म्हणजे तीन मिनिटं फुप्फुसं फाटेस्तोवर पळायचं, जोडीदारीणीला स्पर्श करायचा, तीन मिनिटांत श्वास जागेवर आणायचा आणि परत सुटायचं. त्यात सकाळी उपांत्य फेरीत हेच करून झालेलं असतं. कुठल्याच चढावर पूर्ण ताकद लावून चालत नाही आणि राखूनही चालत नाही.

शेवटची फेरी क्लाउडियाची होती. स्वीडनची आन्ना हाग पुढे. मी ही शर्यत नंतर रेकॉर्डिंगवर पाहिली, बऱ्याच वेळा. क्लाउडिया हागच्या मागे चिकटून राहते, सावलीसारखी. पुढचीने हवा कापायची, मागचीने थोडी ताकद वाचवायची, हे यातलं जुनं शहाणपण. पण मागे राहण्यात धोकाही तेवढाच, कारण पुढचीने एका वळणावर उडी मारली की दोर तुटतो. सरळ पट्टा आला आणि क्लाउडिया बाजूला निघाली. तिथे तिच्या हातांकडे बघा. पाय दमल्याचं दिसतं, ढांग आखूड होते, पण काठ्यांची लय बिघडत नाही. जर्मनी 18 मिनिटं 3.7 सेकंद, स्वीडन 18 मिनिटं 4.3 सेकंद. फरक 0.6 सेकंदांचा. अठरा मिनिटांच्या पळापळीनंतर एक टाळी वाजवायला लागतो तेवढा वेळ! तीन दिवसांनी रिलेतही शेवटचा टप्पा तिलाच दिला आणि रौप्य आलं.

त्यानंतर तिने खेळ सोडला. बत्तिशीत, नुकतंच सुवर्ण मिळवून. तिथेच थांबली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण ती परत आली आणि 2014 मध्ये सोचीला पोहोचली, नुकती छत्तीस पूर्ण झालेली. पुन्हा रिले, पुन्हा तिसरा टप्पा, जो तिने बारा वर्षांपूर्वी केला होता. शेजारी त्याच टप्प्यावर स्वीडनकडून तीच आन्ना हाग! त्या दिवशी नॉर्वेची स्कीज बर्फावर चाललीच नाहीत आणि त्या पाचव्या आल्या, फ्रान्सच्याही मागे. शेवटच्या टप्प्यात स्वीडनची शार्लोट काला जवळजवळ पंचवीस सेकंदांची पिछाडी भरून काढत पहिली आली, दुसरी फिनलंड, तिसरी जर्मनी. पहिली आणि तिसरी यांच्यात एक सेकंदही नव्हता. त्या दिवसाची गोष्ट सांगताना सगळे कालाचं नाव घेतात आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या निकालात खाली लिहिलेली जर्मनीची ओळ आधी दिसते: निकोल फेसेल, स्टेफनी ब्योलर, क्लाउडिया निस्टाड, डेनिझे हेरमान.

चार ऑलिंपिक, चारही वेळा पदक, आणि प्रत्येक वेळी रिलेचं एक त्यात आहेच. बरोबरच्या मुली बदलत गेल्या. सॉल्ट लेकच्या चौघींपैकी सोचीच्या रिलेत क्लाउडियाशिवाय कोणीच नाही. "चांगली टीम मिळाली" म्हणताना हे जरूर बघा, कारण या सगळ्या टीममध्ये कायम असलेली तीच आहे.

आणखी एक सांगतो. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये टीम स्प्रिंटचं सुवर्ण पुन्हा जर्मनीने नेलं, कातारिना हेन्निग आणि व्हिक्टोरिया कार्ल यांनी. मागे पुन्हा स्वीडन, आणि फरक 0.17 सेकंदांचा. हेन्निगही याच डोंगरातली, क्लाउडियाच्याच क्लबची. मी तेव्हा पुण्यात परत आलो होतो. शर्यत संपताच त्या लॅबमधल्या आजोबांना मेसेज केला. त्यांनी फक्त क्लबचं नाव लिहून पाठवलं, पूर्ण, मोठ्या अक्षरांत.

व्हिस्लरची शर्यत कुठे बघायला मिळाली तर पूर्ण अठरा मिनिटं बघा, नुसता शेवट नको. प्रत्येक बदलाच्या वेळी क्लाउडियाचा हात एव्हीला कुठे आणि कसा लागतो, त्यावर लक्ष ठेवा.