इंडक्शनवर सारखं ‘ई३’ येतंय, सर्व्हिसवाला बोर्ड बदला म्हणतो. बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नका. मी बदललाय, १८५० रुपये मोजून, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चहाचं आधण ठेवलं तर तेच ई३ पुन्हा समोर.

तुम्ही लिहिलंय की कधी येतं, कधी आठ-आठ दिवस येत नाही, बीप वाजते आणि शेगडी बंद पडते. अगदी हेच माझ्याकडे चाललं होतं. बोर्ड खरंच गेलेला असेल तर तो दिवस बघून जात नाही हो. बहुतेक वेळा रोजच रडतो.

आधी एक करा, ई३ म्हणजे काय ते तुमच्याच शेगडीच्या पुस्तिकेत बघा. माझ्या शेगडीत ई३ म्हणजे व्होल्टेज कमी. माझ्या बहिणीची शेगडी दुसऱ्या कंपनीची, तिच्यात ई३ म्हणजे आत तापलंय. नाव एकच आणि दुखणं वेगळं. सर्व्हिसवाल्यानं पुस्तिका मागितलीही नाही. शेगडी उलटी केली, हलवून बघितली आणि म्हणाला, “आयजीबीटी गेलाय काकू, बोर्डच बदलावा लागेल.” (आयजीबीटी म्हणजे शेगडीच्या आतल्या बोर्डावरचा, वीज चालू-बंद करणारा भाग.) बदलून लावली तर लगेच चालली. मीही खूष. का चालली ते नंतर कळलं.

आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. खाली दिरांचे चार माग, टॉवेल निघतात. वर आम्ही. शेगडी लेकीनं पुण्याहून पाठवली होती. पहिल्यांदा ई३ आलं तेव्हा आमच्या ह्यांनी पंचा खांद्यावर टाकत निकाल दिला, “खालचे माग. सगळं करंट तेच ओढतात.” वीस वर्षं आमच्या घरात जे काही बिघडलं ते मागांमुळे. टीव्हीला मुंग्या आल्या, माग. बल्ब उडाला, माग. एकदा भिंतीला भेग गेली तेव्हाही माग, तेवढं मात्र खरं असेल. त्यावरून भावाभावांत दोन दिवाळ्या बोलणं नव्हतं.

मी काय केलं, दुधाच्या कॅलेंडरवरच लिहायला लागले. खाड्याला फुली असते, तसं ज्या दिवशी ई३ आलं त्या चौकटीत ‘ई’. महिना भरला आणि बघते तर प्रत्येक ‘ई’ नळाच्या दिवसावर. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, आणि नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली मोटार लावते, आम्हीसुद्धा. सर्व्हिसवाला आला तो कोरडा दिवस होता, म्हणून शेगडी चालली. मागांना सुट्टी होती त्या दिवशीही एकदा ई३ आलं होतं, कारण त्या दिवशी नळ होता. हे ह्यांना दाखवलं तर म्हणाले, “कॅलेंडरवर कशाला घाण केलीस?”

शेवटी भावजींनाच हाक मारली. ते त्यांच्या मोटारींचं काम बघणाऱ्या वायरमनला वर घेऊन आले. त्यानं शेगडीला हातच लावला नाही. प्लगात मीटर घातला, २१८. मग मला म्हणाला, पातेलं ठेवा, फुल करा. आकडा धाडकन १७६. पळत खाली जाऊन मेनवर बघितलं, तिथं २१२. म्हणजे मेनपासून माझ्या ओट्यापर्यंतच ३६ व्होल्ट गायब! तो म्हणाला, आठेक अँपियर गुणिले ३६, म्हणजे पावणेतीनशे वॅटच्या वर तुमच्या भिंतीतच जळतायत. नळाच्या दिवशी मेनवरच १९५ यायचं, त्यातून ३६ गेले की प्लगात १५९. माझ्या पुस्तिकेत १६० च्या खाली बंद, असं छापलेलं आहे. शेगडी बिचारी सांगत होती ते शंभर टक्के खरं होतं.

बोर्ड उघडला, म्हणजे भिंतीवरचा. न्यूट्रलचा स्क्रू काळा ठिक्कर, वायरचं आवरण वितळून गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं. साध्या दिव्याच्या बोर्डातून ओढलेली एक एमएमची वायर, पाच अँपियरचा सॉकेट आणि त्यावर पंधराचा प्लग बसावा म्हणून लावलेला जोड. आणि हे सगळं कुणी केलं होतं? २००९ साली, वायरमनचे पैसे वाचवायला, ह्यांनी. भावजी त्या वेळी म्हणाले होते की ओट्याला जाड वायर टाक. तेव्हा ह्यांचं उत्तर होतं, “तू तुझे माग बघ.”

भावजी त्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसता तो जळका स्क्रू तळहातावर घेऊन बघत उभे राहिले. मेनपासून चार एमएमची वेगळी वायर, सोळा अँपियरचा सॉकेट, वेगळी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारं बटण. शेगडीच्या बोर्डाला दिले त्याच्यापेक्षा कमी खर्च आला. तेव्हापासून नळाच्या दिवशीही ई३ नाही.

तर तुमचं बघा. फुल केल्याबरोबर काही सेकंदांत ई३ येत असेल तर वायरिंग किंवा व्होल्टेज. बाराशे वॅटवर ठेवून चालते का बघा. शेगडी बंद केल्यावर आतला पंखा थांबला की बटण बंद करून प्लग काढा, पिना नुसत्या कोमट नव्हे, चटका देण्याइतक्या गरम असतील तर गुन्हेगार सापडला. आणि दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल तर तापण्याचं दुखणं. खालची पंख्याची जाळी बघा. आमच्याकडे ओट्यावरच भाकरी थापतात, ज्वारीचं पीठ उडून जाळीत जातं आणि तेलकट हवेनं तिथंच थापलं जातं. शेगडीखाली प्लास्टिकचा कागद, टॉवेल काही घालू नका, हवा खालून घेते ती. चटणीचे शेंगदाणे कोरडेच भाजत अर्धा तास ठेवलेत, तेही मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत, तर कुठलीही शेगडी ओरडेल. भाकरी तर इंडक्शनवर करूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पापुद्रा सुटायला जाळच पाहिजे. काम झालं की भिंतीचं बटण लगेच बंद करू नका, आतला पंखा थांबू द्या.

दुकानदार स्टॅबिलायझर गळ्यात मारेल. दोन हजार वॅटला पुरेल असा घ्यायला गेलात तर तो शेगडीपेक्षा महाग पडेल.

आता हेही सांगायला पाहिजे. भिंतीचा बोर्ड मी उघडला नाही, वायरमननं उघडला, मेन बंद करून. शेगडी तर अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. आणि पातेलं न ठेवता, चालू करताक्षणी, कुठल्याही घरात, कुठल्याही वेळी तोच कोड येत असेल तर सर्व्हिसवाला खरं बोलतोय, आतला सेन्सर किंवा बोर्डच गेलेला असणार. शेजारच्या घरी नेऊन लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तिथंही तेच आलं आणि शेगडी चार वर्षं वापरलेली असेल, तर अठराशे घालवण्यापेक्षा नवीन घ्या की.

आमचे हे अजून म्हणतात की स्क्रू मागांच्या हादऱ्यानं ढिला झाला.