जिल्हा परिषदेच्या शाळेत सतत कार्यक्रम असतात, मग अभ्यास कधी होतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर दर दोन दिवसांनी हार घातलेल्या तसबिरीचा नाहीतर दिंडीचा फोटो येतो, आणि घरी वही उघडली की त्यात फारसं काही दिसत नाही. तेव्हा शाळेत नेमकं चालतं काय, असा तुमचा प्रश्न. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, म्हणजे चार वर्ग आणि आम्ही दोघं. त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते.

जयंतीने अभ्यास बुडत नाही. स्नेहसंमेलनाने बुडतो. आणि कार्यक्रम उरकल्यावर जे कागद रंगवावे लागतात त्यांनी सगळ्यात जास्त बुडतो, पण ते फोटोत दिसत नाही.

आधी जयंत्यांचं बघू. यादी लांबलचक आहे, नाकारत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडते (विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा), पहिल्याच दिवशी प्रवेशोत्सव: फुलं, नवी पुस्तकं आणि भोकाड पसरलेली पहिली. २१ जूनला योग दिन, २६ जूनला शाहू महाराजांची जयंती, मग आषाढीची दिंडी. १ ऑगस्टला तर लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठेंची जयंती एकाच टेबलावर. पुढे स्वातंत्र्यदिन, शिक्षक दिन, गांधी-शास्त्री जयंती, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. जानेवारी उजाडला की सावित्रीबाई, जिजाऊ, विवेकानंद, प्रजासत्ताक दिन. फेब्रुवारीत शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. वाचतानाच धाप लागते.

पण यातल्या बहुतेक गोष्टी परिपाठातच आटोपतात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या यांच्या जोडीला प्रतिमापूजन आणि दोन मुलांची भाषणं, की झालं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठरवून दिले आहेत, म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. प्रतिमापूजनाची दहा मिनिटं त्यात खुपत नाहीत. फोटो सारखा येतो म्हणून कार्यक्रम दिवसभर चालला असेल असं वाटतं, एवढंच.

जयंतीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. ती वेळ खात नाही, पण बऱ्याचदा देतही काही नाही. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथपासून ‘ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती’ इथपर्यंत मूल एका दमात म्हणतं, मधे जन्मगाव आणि आईवडिलांची नावं येतात, आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.’ व्यासपीठ म्हणजे व्हरांड्यातलं एक टेबल. गेल्या वेळच्या भाषणात टिळकांच्या जागी शास्त्रीजी घातले तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. हे भाषण घरी आईने नाहीतर मोठ्या बहिणीने लिहून दिलेलं असतं. पाठांतराला माझा विरोध नाही, धीट व्हायला त्याचा उपयोग होतो, पण त्याला त्या माणसाची ओळख म्हणू नये.

तोच दिवस दुसऱ्या पद्धतीनेही करता येतो. ३ जानेवारी घ्या. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, आणि त्यांनी व जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. मुली त्या दिवशी नऊवारी नेसून, आडवं कुंकू लावून येतात, छान दिसतात, फोटोही छान निघतो. आम्ही त्याच्या आदल्या दिवशी मुलांना एकच प्रश्न घरी न्यायला सांगतो: आजी कितवीपर्यंत शिकली, आणि शाळा का सुटली? उत्तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आणायचं. सकाळी हे चिटोरे फळ्याशेजारी उभे एकाखाली एक चिकटवले, की ‘शाळेत गेलीच नाही’चा रकाना पार जमिनीला टेकतो. शेजारी ‘चौथी’चा एक, ‘सातवी’चे थोडेसे. मग आयांचे चिटोरे दुसऱ्या रंगाच्या कागदावर. चौथीच्या पुस्तकात चित्रालेख आहे, तो शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागत नाही. आणि ‘लहान भावाला सांभाळायला घरी ठेवली’ हे आजीने सांगितलेलं कारण नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहून आणलेलं असलं, की सावित्रीबाईंवर मला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

७ नोव्हेंबरचंही तसंच. १९०० साली या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये ‘भिवा’ अशी नोंद आहे. २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दिवाळीची सुट्टी आडवी आली नाही तर त्या दिवशी मी आमच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून काढते. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि अक्षर मात्र असं की आजच्या कुठल्याही शिक्षकाने बघत बसावं. मुलं त्यात वडिलांचं नाव शोधतात, मग आजोबांचं. हात लावायचा नाही, पट्टीने ओळ दाखवायची, हा नियम. थोड्याच वेळात कुणीतरी ओरडतं, ‘मॅडम, माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जून!’ दुसरा म्हणतो, माझ्याही. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं निघतं. जन्माचा दाखला नसायचा, मूल शाळेत आणलं की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन वर्ष धरायचे आणि तारीख १ जून ठोकून द्यायचे, हे सांगितलं की हसून पुरेवाट होते. त्या हशात ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना मी हळूच वाचायला सांगते. तिथे ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द पानोपानी आहेत.

आता माझ्या आवडीचा कार्यक्रम, बालआनंद मेळावा. काही शाळांत त्याला आनंद बाजार म्हणतात. मुलं खाण्याचे पदार्थ, घरची भाजी, बोरं-चिंचा, जे असेल ते विकायला आणतात आणि गाव खरेदीला येतं. पालक याला जत्रा समजतात. मी गणिताची तोंडी परीक्षा समजते, फरक इतकाच की घाबरायला होत नाही.

आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी आहे. हातच्याची वजाबाकी फळ्यावर मांडली की तिचं डोकं खाली जातं. मेळाव्यात तिने लिंबू सरबत मांडलं होतं, पाच रुपयांना पेला. एका काकांनी घरच्या सगळ्यांसाठी सात पेले घेतले आणि पन्नासची नोट पुढे केली. तिने वजाबाकी केलीच नाही. पस्तीस म्हणत एक पाचाचं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं, ‘चाळीस’, मग दहाची नोट ठेवली, ‘पन्नास’. झालं. किराणा दुकानदार वर्षानुवर्षं असेच सुट्टे परत देतात, चढत मोजून. दुसऱ्या दिवशी मी तीच उदाहरणं फळ्यावर तिच्याच पद्धतीने मांडली, पस्तीसपासून पन्नासपर्यंत उड्या मारत. हातचा तिला त्यानंतरही लगेच जमला असं नाही, पण वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, हे तिला कळलं होतं.

खरा धडा मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, आणि बऱ्याच शाळा तो घेतच नाहीत. गल्ला मोजून सगळे ‘मला एवढा नफा झाला’ म्हणून नाचत असतात. भेळवाल्याला विचारलं, ‘चुरमुरे कुणाच्या पैशाने आले?’ ‘आईच्या.’ ‘मग ते वजा कर की.’ चेहरा पडतो. चुरमुरे, फरसाण, गूळ, चिंच, कागदाचे द्रोण, सगळं मांडून झालं की नफा गल्ल्यापेक्षा बराच बारीक होतो. मग घरच्या झाडाची लिंबं आणणारी आमची सरबतवाली सांगते, ‘माझा खर्च फक्त साखर.’ यावर वर्गात चांगलीच जुंपली. एक गट म्हणे, लिंबं फुकटच आहेत. दुसरा म्हणे, बाजारात विकली असती तर पैसे आले असते, तेव्हा तेवढे धरायलाच हवेत. आणि आईने पहाटे उठून सरबत ढवळलं त्याची मजुरी? तो प्रश्न एका मुलाने विचारला आणि कुणालाच उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी याच्याहून वरचं अर्थशास्त्र करावं अशी माझी तरी अपेक्षा नाही.

तर तुमच्या मुलाच्या शाळेत मेळावा झाला असेल आणि दुसऱ्या दिवशी वहीत एक ओळही उतरली नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

स्नेहसंमेलनाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूची. दुपारच्या खिचडीनंतर स्पीकर सुरू, तो शाळा सुटेपर्यंत. सिनेमातल्या गाण्यावर दहा मुलं नाचणार, उरलेली तीस ओट्यावर बसून बघणार, आणि हे कितीतरी दिवस. त्यातही नाचायला दरवर्षी तीच मुलं, कारण ती ‘चांगली दिसतात’ किंवा त्यांचे आईवडील ड्रेसचे पैसे देऊ शकतात. भाड्याचा चकचकीत ड्रेस परवडत नाही म्हणून एखादं मूल ‘मला नाचायचंच नाही’ असं सांगून मोकळं होतं, तेव्हा मला त्या मंडपाचा राग येतो. पण हेही खरं की गावाला संमेलनच हवं असतं. वर्गणी गावाची, मंडप गावाचा, आणि नाच बसवले नाहीत तर ‘यंदा शाळेने काहीच केलं नाही’ हेही गावच म्हणतं. आम्ही गेल्या काही वर्षांत एवढंच करू शकलो की सराव शाळा सुटल्यावर, आणि प्रत्येक मूल मंचावर एकदा तरी येईल असं बघायचं. नाटुकलं, पाढ्यांचं गाणं, लेझीम, काहीही. लेझीमला भाड्याचा ड्रेस लागत नाही आणि सगळा वर्ग एकदम खेळतो.

राहिले कागद. कार्यक्रम दहा मिनिटांचा, पण त्याचा फोटो तारीख-वेळेसकट हवा, तो दिलेल्या लिंकवर चढवायचा, अहवाल लिहायचा, उपस्थिती भरायची, आणि हे सगळं बहुतेक वेळा ‘आजच, तातडीने’. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मोबाइल घेऊन रेंज शोधत कठड्यावर उभा राहिला की निम्मी शाळा दुसऱ्याच्या गळ्यात. गटावर येणारा फोटो तुमच्यासाठी काढलेला नसतो, तो आधी वर गेलेला असतो, तुम्हाला त्याची प्रत मिळते.

आता तुम्ही काय करू शकता ते. मुलाला ‘आज शाळेत काय होतं?’ असं विचारू नका, ‘जयंती’ एवढंच उत्तर येईल. ‘तू काय केलंस?’ असं विचारा. टाळ्या वाजवल्या, रांगेत उभा राहिलो, हेच उत्तर वारंवार आलं तर शिक्षकांशी बोला, आणि बोलताना ‘कार्यक्रम बंद करा’ असं म्हणू नका. ते बंद करणं आमच्या हातात नाही, त्यामुळे बोलणं तिथेच खुंटतं. ‘या कार्यक्रमाचं वहीत काहीतरी येऊ द्या’ असं म्हणा. हे आमच्या हातात आहे, आणि कुणी पालक असं म्हणाला तर मला तरी बरंच वाटेल.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. प्रत्यक्षात बैठकीला चारजण येतात आणि बाकीच्यांच्या सह्या घरी जाऊन आणाव्या लागतात. संमेलनाचा सराव शाळेच्या वेळेत नको, हा ठराव तिथे सहज होऊ शकतो. शिक्षक एकटा हे म्हणाला तर त्याला कामचुकार ठरवतात. पालकांच्या समितीने म्हटलं तर गाव ऐकतं.

आणि दुसरीतला मुलगा लिहायला-वाचायला मागे पडतोय असं खरंच वाटत असेल तर तो विषय कार्यक्रमांच्या तक्रारीत मिसळू नका. शाळेत जाऊन त्याला तुमच्यासमोर एक छोटा परिच्छेद वाचायला सांगा आणि तो कुठे अडतो ते शिक्षकांसोबत बघा. जोडाक्षरांवर अडत असेल तर त्याला दिंडी जबाबदार नाही.

यंदाच्या मेळाव्यात त्याने काही विकायचं ठरवलं तर भाव त्याचा त्याला ठरवू द्या, तुम्ही टेबलामागे उभे राहू नका. फक्त घरून निघताना पाच-दहाचे भरपूर सुट्टे द्या. त्या दिवशी सगळं गाव शंभराची नोट घेऊन येतं.