वाचकांचे प्रश्न : वस्तीचा नकाशा, कॅमेऱ्यातला पुरावा आणि अभ्यासिकेचे वाय-फाय

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत 'कोणते ॲप वापरावे' असे विचारले आहे. ॲपची नावे पुढे येतीलच. पण नोंद कोणाची आहे, ती कोणाच्या परवानगीने घेतली आणि तिची मूळ प्रत कोणाकडे आहे, हे आधी ठरलेले नसेल, तर उत्तम साधन हाती असूनही काम फुकट जाते. म्हणून उत्तरे देताना त्या क्रमाने गेलो आहे.

आमचे मंडळ आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीत आहे. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढले, कोणत्या गल्लीतून बाहेर पडता येते, चेंबर कुठे तुंबतात, याचा नकाशा पावसाळ्याआधी करायचा आहे. परवानगी लागते का? आमच्यापैकी कोणालाही नकाशाचे शिक्षण नाही.
— मंडळाचा कार्यकर्ता, सहकारनगर परिसर

परवानगीचे आधी सांगतो. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय नागरिकांना आणि संस्थांना अशी भौगोलिक माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध मात्र कायम आहेत. तुमच्या वस्तीत तो प्रश्न येणार नाही. पण छावणीच्या किंवा लोहगावच्या हवाई तळाच्या आसपास कोणी असे काम करणार असेल, तर त्यांनी लष्करी हद्दीतली कोणतीही गोष्ट नोंदवू नये.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा कोणालाही विनामूल्य वापरता येतो आणि त्यात भरही घालता येते. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्तो-प्रिन्स शहराचे रस्ते काही दिवसांत याच नकाशावर उतरवले आणि मदत पथकांनी ते वापरले. एक पथ्य पाळावे लागेल : गूगलच्या नकाशावरून नावे किंवा रस्ते उतरवून घेऊ नका. परवान्यानुसार ते चालत नाही, आणि अशी नोंद लक्षात आली की काढून टाकली जाते.

आता प्रत्यक्ष काम. फोन हातात धरून गल्ली चाललो की गल्ली नकाशावर उमटेल, अशी समजूत असते. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनने दाखवलेली जागा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असते. दोन्ही बाजूंना भिंती आणि वर पत्रे असले, की उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक आणखी वाढते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट, आणि तुमच्या गल्ल्या चार-पाच फुटांच्या असतील. त्यामुळे गल्ली शेजारच्या घरांतून गेलेली दिसेल. त्याऐवजी संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपच्याच आयडी नावाच्या संपादकात उपग्रहचित्र पाहून छपरांच्या आणि वाटांच्या रेषा काढा, त्या मोठ्या कागदावर छापा आणि तो कागद घेऊन वस्तीत फिरा. कोणते चेंबर आधी उफाळते, कोणत्या बोळाचे तोंड बांधकामाने बंद झाले आहे, हे ओट्यावर बसलेल्या आजींना आणि रोज पाणी भरणाऱ्या बायकांना जेवढे ठाऊक असते, तेवढे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. गल्लीला वस्तीत जे नाव आहे तेच लिहा, आणि मराठी नावासाठी असलेल्या रकान्यात ते देवनागरीत भरा.

पुराच्या पाण्याची उंची हा तुमच्या कामाचा गाभा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी कुठवर चढले होते, हे घरातल्या माणसांना विचारा. भिंतीवर खूण असेल तर उत्तम, रंगरंगोटीत ती गेली असेल तर निदान दोन घरांतल्या माणसांकडून स्वतंत्रपणे विचारून घ्या. मोजायची टेप बाहेरच्या फरशीवर टेकवून खुणेपर्यंत उभी धरा, टेपवरचा आकडा आणि घराचा दरवाजा एकाच फोटोत येईल असे पाहा. घराचे जोते फरशीपासून किती उंच आहे, तेही वेगळे मोजा, कारण एका घरात कमरेएवढे आणि शेजारी गुडघ्याएवढे पाणी होते असे सांगितले जाते, तेव्हा बहुधा जोत्यांच्या उंचीत फरक असतो. फोनने दाखवलेली समुद्रसपाटीपासूनची उंची या कामाला चालणार नाही. तिच्यातली चूक आडव्या अंतराच्या चुकीहूनही मोठी असते.

हे फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर नेहमीच्या पद्धतीने टाकलेत, तर फोटो आकाराने लहान होतो आणि तो कुठे व केव्हा काढला याची आतली नोंद निघून जाते. मूळ फोटो केबलने संगणकावर उतरवा, किंवा पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. घरोघरच्या नोंदींसाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके कलेक्ट वापरा. त्यात मराठीत प्रश्नावली करता येते आणि नेटवर्क नसतानाही ती भरता येते. सगळे एकत्र मांडण्यासाठी क्यूजीआयएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. ते पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी शिकायची गरज नाही, दोघांनी शिकले तरी पुरे.

अंथरुणाला खिळलेले आजोबा कोणत्या घरात आहेत, एकटी बाई कुठे राहते, ही माहिती पुराच्या रात्री सर्वांत मोलाची असते, आणि तीच सार्वजनिक नकाशावर कधीही टाकायची नसते. ती त्या घरच्यांना विचारून वेगळ्या वहीत लिहा आणि वही कोणाकडे राहील हे वस्तीसमोर ठरवा. नळ, चेंबर, वाटा, पायऱ्या, पाण्याची उंची एवढे सर्वांसाठी खुले असावे. पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने जीआयएसच्या (नकाशावर माहिती मांडणाऱ्या संगणकप्रणालीच्या) आधारे वस्त्यांचे नकाशे करण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. त्यांच्यासारख्या अनुभवी लोकांशी सुरुवातीलाच बोललात, तर तुमची बरीच पायपीट वाचेल.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली. कॅमेऱ्यात चित्रण आहे. एका सभासदाने पडद्यावरचे चित्रण मोबाइलने टिपून गटावर टाकले आणि तेच पोलिसांना दिले. एवढे पुरेसे आहे का?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, कोथरूड

तपासाला दिशा मिळण्यासाठी ते उपयोगी पडेल. न्यायालयात मात्र त्यावर विसंबता येणार नाही, कारण ती पडद्याची नक्कल आहे आणि तीही व्हॉट्सॲपने दाबलेली. सर्वांत आधी वेळेकडे लक्ष द्या. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली, डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप लिहिले जाते. तुमच्या यंत्रात किती दिवसांचे चित्रण राहते हे आजच पाहा, आणि त्या रात्रीचे चित्रण यंत्राच्याच 'एक्स्पोर्ट' किंवा 'बॅकअप'च्या सोयीने, आधीचा काहीही मजकूर नसलेल्या पेन ड्राइव्हवर काढून घ्या. चोरीच्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा निदान अर्धा तास सोबत घ्या. चोर दिसतो तेवढाच तुकडा दिला, की बाकीचे काय कापले, असा प्रश्न हमखास येतो.

चित्रण काढताना डीव्हीआरचे घड्याळ आणि मोबाइलवरची वेळ एका फोटोत येतील असा फोटो घ्या. ही यंत्रे पुष्कळदा काही मिनिटे मागे-पुढे असतात आणि वीज गेल्यानंतर कधी कधी तारीखही चुकते. घड्याळ चुकलेले दिसले तरी ते लगेच दुरुस्त करू नका. फरक किती आहे ते आधी लिहून ठेवा.

यानंतर फाइलचे हॅश मूल्य काढा. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक अंशावरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एका बिटाचा जरी बदल झाला, तरी ती ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये सेव्हन-झिप बसवलेले असेल, तर फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ निवडले की चौसष्ट चिन्हांची ओळ मिळते. ती कागदावर छापा, तारीख-वेळ घाला, चित्रण कोणी काढले आणि त्या वेळी कोण हजर होते हे लिहा आणि सह्या घ्या. पेन ड्राइव्ह पाकिटात बंद करून पाकिटावर सही करा. पुढे तो ज्याच्या ज्याच्या हातात जाईल, त्याची नोंद त्याच कागदावर वाढवत न्या.

हा खटाटोप कशासाठी, ते जालन्याच्या खटल्यावरून कळते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावर अवलंबून होते, आणि त्या चित्रणासोबत कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय देताना स्पष्ट केले, की मूळ यंत्राऐवजी त्यावरून काढलेली प्रत सादर करायची असेल, तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल, तर न्यायालयाकडे दाद मागता येते. तेव्हा ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि आता ती कलम ६३ मध्ये आहे. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक चित्रण सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य लिहावे लागते. तुमच्या कागदावरची ती चौसष्ट चिन्हांची ओळ तिथेच लागणार आहे.

पोलिसांनी डिस्कच जप्त केली, तर त्यांना ती काढून घेऊ द्या आणि पंचनाम्याची प्रत मागा. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून डिस्क उघडून 'काही मिळते का' ते पाहायला लावू नका. डिस्क साध्या संगणकाला जोडताक्षणीच तिच्यावर काही ना काही लिहिले जाते. म्हणून प्रयोगशाळेत लेखन रोखणारे उपकरण मध्ये लावूनच तिची प्रत काढतात आणि तपासणी त्या प्रतीवर होते.

माझी अभ्यासिका आहे. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला आहे. त्याच जोडणीवर माझा हिशेबाचा संगणक आणि कॅमेरेही आहेत. एक विद्यार्थी म्हणतो, 'मी नेटवर्क हॅक करून बघतो, कुठे भोक आहे ते सांगतो.' त्याला परवानगी द्यावी का?
— अभ्यासिका चालक, सदाशिव पेठ

तोंडी परवानगी देऊ नका. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगा प्रामाणिक असेल, तर त्याच्याच भल्यासाठी कागद करा : कोणती उपकरणे तपासायची, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, आणि विद्यार्थ्यांच्या फोन-लॅपटॉपना हात लावायचा नाही. एनमॅप या विनामूल्य साधनाने जोडणीवर किती उपकरणे आहेत आणि त्यांची कोणती दारे (बाहेरून जोडणी स्वीकारणारे पोर्ट) उघडी आहेत, एवढे पाहिले तरी पहिल्या फेरीला पुरते.

पण त्याआधी काही गोष्टी तुम्ही स्वतः करू शकता, आणि माझ्या मते खरी सुरक्षा त्यांतच आहे. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून विद्यार्थ्यांना तिकडे वळवा. संगणक आणि कॅमेरे वेगळ्या, भिंतीवर न लावलेल्या पासवर्डच्या जोडणीवर राहू द्या. डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत सर्वांचा पासवर्ड एकच असेल, तर तो ठाऊक असलेल्या माणसाला दुसऱ्याचे उपकरण जोडले जातानाचा क्षण टिपून त्याची हवेतली देवाणघेवाण उलगडता येते. डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीत हे रोखले आहे, म्हणून राउटरमध्ये ती सोय असेल तर ती निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि तोच बदलायचा राहून जातो. तो आजच बदला.

कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल, तर तोही आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. मालकांना पत्ताही नव्हता. संगणकासाठी भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधने विनामूल्य मिळतात.

मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिजिटल फॉरेन्सिकमध्ये, म्हणजे संगणक-फोनमधला पुरावा तपासण्याच्या कामात, जायचे आहे. 'सहा महिन्यांत तज्ज्ञ' अशा जाहिरातीच्या क्लासचे शुल्क घरच्यांना झेपणारे नाही.
— विद्यार्थिनी, हडपसर

तो क्लास सध्या लावू नकोस. लिनक्स आणि नेटवर्कची मूलतत्त्वे पक्की कर, मग वायरशार्क हे नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारे साधन घेऊन स्वतःच्याच लॅपटॉपची ये-जा पाहा : एखादे पान उघडताना आधी नावाची विचारणा कशी जाते, नंतर जोडणी कशी बांधली जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातले प्रकरण कळते. त्यानंतर ऑटोप्सी हे डिस्क तपासण्याचे विनामूल्य साधन घे. सरावासाठी तयार केलेल्या डिस्कच्या प्रती अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने खुल्या ठेवल्या आहेत, त्यांवर काम कर. मैत्रिणीचा जुना फोन 'सराव म्हणून' उघडू नकोस. प्रत्येक सरावाचा अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत लिही, आणि संगणकाचे ज्ञान नसलेल्या माणसाला तो कळतो का ते पाहा, कारण पुढे हेच अहवाल पोलीस, वकील आणि न्यायाधीश वाचणार आहेत. पदवीनंतर, १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकच्या सुरक्षाविषयक पदव्युत्तर पदविकेचा विचार कर. तिची प्रवेश परीक्षा असते आणि आत्ताचा अभ्यास तिथे कामी येईल.

वडिलांच्या फोनवर वीजबिलाच्या नावाने फाइल आली, त्यांनी ती उघडली आणि खात्यातून पैसे गेले. फोन रीसेट करू का?
— वाचक, चिंचवड

नाही. रीसेट केलात की कोणती फाइल आली, कोणते ॲप बसले, हे शोधायचा मार्गच बंद होतो. दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला खाते थांबवायला सांगा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. वडिलांचा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद असल्याची खात्री करा. संदेश, ती फाइल, बँकेचे एसएमएस, काहीही पुसू नका. दुसऱ्या फोनने त्या पडद्यांचे फोटो घ्या, पाठवणाऱ्याचा नंबर पूर्ण दिसेल असे. मग फोन घेऊन सायबर पोलिसांकडे जा. आणि वडिलांना सोबत न्या, कारण कोणत्या क्रमाने काय झाले ते त्यांनाच सांगता येईल. घरी त्यांना रागावू नका, लाजेपोटी ते एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायचे टाळतील.