एप्रिलचा बहर

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कामाचा आराखडा दोनदा वाचला. इंग्लंडमधल्या हीथवर, म्हणजे त्या खुरट्या झुडपांच्या माळरानावर, फायटोफ्थोरा या झाडांना रोग लावणाऱ्या जीवामुळे झालेलं नुकसान तू मोजणार आहेस. विषय चांगला आहे. पण तक्त्यातला पहिलाच रकाना ‘एकूण हिरवं आच्छादन, टक्के’ असा आहे, आणि मी तिथेच थबकलो.

याच रकान्याने मला एकदा तोंडघशी पाडलं होतं. उमेदवारीच्या दिवसांत माझ्याकडे दिलेल्या एका चौकटीतली, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यातली, बिलबेरीची बुटकी झुडपं या रोगाने गेली. काही वर्षांनी पुन्हा मोजलं, तर आच्छादन जवळपास पहिल्याइतकंच. मी वहीत ‘सावरलं’ असं लिहून मोकळा झालो. सोबतच्या अनुभवी बाईंनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “एप्रिलमध्ये एक चक्कर मार.” मारली. बिलबेरीच्या जागी हीदर हे माळावरचं दुसरं झुडूप भरगच्च माजलं होतं, आणि फूल औषधालाही नव्हतं.

हीदरचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचा, बिलबेरीचा एप्रिल-मेचा. थंडीभर मातीत दडून बसलेली बंबलबीची, म्हणजे गुबगुबीत केसाळ माशीची, राणी वसंतात बाहेर पडते, तेव्हा तिला तत्काळ मकरंद लागतो. तो मिळाला तर ती घरटं मांडणार, पहिल्या कामकरी माश्या वाढवणार. ऑगस्टात माळ जांभळा झाला तरी तिला त्याचा काय उपयोग? डोंगरमाळावरची बॉम्बस मॉन्टिकोला ही बंबलबीची जात तर वसंतात बिलबेरीवर फारच विसंबून असते. कॅपरकॅली हा मोठा रानपक्षी पाइनच्या जंगलात राहतो, पण गोष्ट तीच. त्याची पिल्लं पहिले काही आठवडे बिलबेरीवरच्या अळ्यांवर वाढतात. हीदरवर त्यांची तशी सोय होत नाही.

आता परिसंस्था सेवांचा, म्हणजे निसर्गाकडून माणसाला जे मिळतं त्याचा, तुझा हिशेब घे. हीदरने जमीन झाकली, माती धरून ठेवली, खालच्या पीटमधला, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातला, कार्बनही बराचसा जागच्या जागी राहिला. तुझ्या बेरजेत नुकसान जवळपास शून्य येईल, आणि ती बेरीज चुकलेलीही नसेल. म्हणून मला तिची जास्त भीती वाटते.

रोगाची ओळख थोडक्यात सांगतो, बाकी तू वाचशीलच. फायटोफ्थोराला सवयीने बुरशी म्हणतात, पण तो ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे, नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळचा. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा सडवणारा त्याच घराण्यातला. हीथवर तुझी गाठ मुख्यतः रॅमोरम आणि कर्नोव्हिए या दोन जातींशी पडेल. दुसरी २००३ मध्ये कॉर्नवॉलमध्ये सापडली आणि त्या भागाच्या कॉर्निश नावावरून, ‘कर्नो’वरून, तिचं नाव पडलं. दोन्हींचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांतून आणि ओल्या वाऱ्यातून पसरतात, आणि ते भरमसाट तयार होतात बाहेरून आणलेल्या रोडोडेंड्रॉनच्या पानांवर. बागेची शोभा म्हणून आणलेलं झुडूप असं बिलबेरीच्या मुळावर उठलंय. माळाच्या कडेचं रोडोडेंड्रॉन काढणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. तो करताना यंत्रं माती तुडवतात आणि वाटा बंद ठेवाव्या लागतात. हा खर्चही तुझ्या हिशेबात यायला हवा, कारण फिरायला येणाऱ्या माणसांची वाट बंद होणं हेही नुकसानच.

पाहणी हिवाळ्यात करू नकोस. बिलबेरीची पानं तेव्हा तशीही गळलेली असतात, नुसत्या हिरव्या काटक्या उरतात, आणि निरोगी झुडूप कुठलं नि रोगट कुठलं ते कळत नाही. जून-जुलैमध्ये मात्र भर हिरवळीत एखादा पट्टा निष्पर्ण दिसला की गुडघे टेकून बस. तिची काटकी कंगोरेदार आणि हिरवी असते. तिच्यावर तपकिरी-काळा चट्टा दिसला तर नखाने साल खरवड, आत डाग किती लांब गेलाय ते कळेल. तो तुकडा प्रयोगशाळेत गेल्याशिवाय जातीचं नाव मात्र लिहायचं नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या क्वोंगन माळाबद्दल वाच. तिथला सिनॅमोमी, फायटोफ्थोराचीच एक जात, मातीतून आणि पाण्यातून मुळांवर हल्ला करतो, आणि दहा लाखांहून जास्त हेक्टर जमीन त्याने बाधित केली आहे. त्याला बळी पडणाऱ्या बँक्सिया या मकरंदाच्या झाडझुडपांच्या जाती वेगवेगळ्या महिन्यांत फुलतात. जेमतेम दहा ग्रॅमचा हनी पॉसम हा चिमुकला सस्तन प्राणी केवळ मकरंद आणि परागांवर जगतो, म्हणून त्याला बारमाही फुलं लागतात. एक बँक्सिया गेली की त्याच्या वर्षातले काही आठवडे उपाशी जातात. रोगाला न जुमानणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पती जागा भरतात खऱ्या, पण त्यांच्या फुलांत मकरंद नसतो. तिथे विमानातून फॉस्फाइट हे रसायन फवारतात. त्याने झाडाची प्रतिकारशक्ती काही काळ वाढते, रोग मातीतून जात नाही, आणि फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

तेव्हा तो पहिला रकाना खोड. म्हणजे ठेव, पण शेवटी टाक. त्याच्या जागी बारा महिने आडवे मांड आणि प्रत्येक महिन्यात चौकटीत काय फुललंय, त्यावर कोण येऊन बसलंय ते लिही. कंटाळवाणं काम आहे, आणि पहिल्या वर्षी आकडे काहीच बोलणार नाहीत. तुझे वरिष्ठ आलेख मागतील, त्यांना थांबायला सांग.

एका चौकटीतून दुसरीत जाताना बूट ब्रशने घास, तळव्याच्या खाचा काडीने साफ कर, मगच जंतुनाशक लाव. चिखलावर नुसतं मारलेलं जंतुनाशक वाया जातं. निरोगी चौकटी आधी, बाधित नंतर, हा क्रम घाई असली तरी मोडू नकोस.

पहिली फेरी एप्रिलच्या मध्याला ठेव, आणि दिवस कोरड्या उन्हाचा निवड. पावसात राणी फारशी बाहेर पडत नाही, आणि बुटांना माती जास्त लागते.

तुझा,
सर