पायथ्यापासून चढ

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हे पत्र तू चार मैत्रिणींना पाठवणार हे मला ठाऊक आहे, आणि त्यातल्या दोघींचे आईवडील मला ओळखतात.

तुझा मेल दोनदा वाचला. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत, त्रे चिमेच्या तीन सुळक्यांसमोरच्या गुहेत फोटोसाठी पाऊण तास रांगेत उभी राहिलीस, फोटो झकास आला, आणि रात्री कळलं की ती गुहा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी कातळात खोदलेली आहे. आता त्या फोटोची लाज वाटते, उरलेले चार दिवस रद्द करून म्युनिकला परत जाऊ का, असं विचारतेस. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, जणू विसरलेली आठवली म्हणून लिहिलेली: ‘खरं सांगू का काका, डोंगर बघून मला काही वाटलंच नाही.’

लाज वाटली ते बरं झालं. एक संध्याकाळ तिच्यात घालवलीस तेवढी पुरे. मला काळजी त्या शेवटच्या ओळीची आहे. अगं, वाटणार कसं? बसनं थेट २३३३ मीटरवर औरोन्झोच्या रिफ्यूजपाशी, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरापाशी उतरलीस, तिथून गर्दीच्या मागे मागे रुंद वाटेनं चाललीस, फोटो काढलास, बसनं परत. आठवतं, नववीत असताना राजगडाच्या संजीवनी माचीवर बसून तू कारण नसताना रडली होतीस? कारण होतं. आपण पहाटे चारला गुंजवण्यातून निघालो होतो.

तेव्हा पायथ्यापासून चढ. हे पत्र एवढंच सांगायला लिहितोय, बाकी सगळं फुटकळ आहे.

तुझी यादी बघितली. सहा दिवसांत सात ठिकाणं, आणि प्रत्येकापुढे रोपवेचे दर. ही काय अष्टविनायक यात्रा आहे? सेचेदा खोड. ब्राइएसचं तळं खोड, ते हिरवं आहे आणि तिथे माणसं आहेत, झालं. मार्मोलाडाच्या हिमनदीकडे तर फिरकूसुद्धा नकोस. २०२२च्या जुलैत तिथे बर्फाचा कडा तुटून अकरा जण गेले. त्याच डोंगरावर डिसेंबर १९१६ मध्ये एका हिमकड्यानं ऑस्ट्रियन छावणीतली अडीचशेहून जास्त माणसं एका सकाळीत गाडली होती. त्या डोंगराला गोळीची गरज कधीच पडली नाही.

एक डोंगर ठेव. लागाझुओई. फाल्झारेगो खिंडीतून, म्हणजे २१०५ मीटरपासून वर. चारही दिवस त्याच्याच आसपास काढ.

तू जिथे रांगेत उभी होतीस तिथली एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. लोकातेल्लीच्या रिफ्यूजमागे जो पातेर्नो उभा आहे, त्याच्यावर लोकांना नेणारा सेप इनरकोफ्लर नावाचा वाटाड्या होता. ते रिफ्यूज तेव्हा तोच चालवायचा. २३ मे १९१५ ला इटलीनं ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच महिन्यात तोफांनी ते जाळलं. ऑस्ट्रियाची तरणी माणसं लांब गॅलिशियात रशियनांशी लढत होती, त्यामुळे इथे डोंगर राखायला उरले ते गावातले म्हातारे आणि मिसरूड न फुटलेली पोरं. सेप एकोणपन्नास वर्षांचा. माथा इटालियनांनी घेतला होता. ४ जुलैला पहाटे तो आपल्याच डोंगरावर, आयुष्यभर पायाखालच्या वाटेनं चढला आणि माथ्याजवळ मारला गेला. गोळी लागली की वरून दगड आला, यावर अजून वाद घालतात. त्याला माथ्यावर पुरलं ते इटालियन सैनिकांनी. १९१८ मध्ये घरच्यांनी त्याला खाली गावात आणलं.

तू पातेर्नोला पाठ करून उभी होतीस. फोटो त्रे चिमेचा होता ना.

आता लागाझुओई. इथे मी जरा जास्त बोलेन, बोगदे हा माझा धंदा आहे. ऑस्ट्रियन माथ्यावर, इटालियन खाली खिंडीत. १९१५च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री मेजर मार्तिनीची आल्पिनी, म्हणजे इटलीची डोंगरी पलटण उभ्या भिंतीच्या मध्यावरच्या एका अरुंद पट्टीवर चढली आणि तिथे घट्ट बसली. डोक्यावर शत्रू, पायाखाली दरी. वरून बाँब टाकून ते हलेनात, तेव्हा ऑस्ट्रियनांनी डोंगरातच सुरुंग पेरायला सुरुवात केली. २२ मे १९१७च्या स्फोटात सुमारे दोनशे मीटर उंचीचा कडा सुटून खाली आला. खिंडीतून भिंतीकडे पाहिलंस की तळाशी घसाऱ्याचा एक मोठा पंखा दिसेल. बाजूचा घसारा ऊन-पावसानं झालेला आहे. तो पंखा मात्र सुरुंगाचा.

मग इटालियन आतून वर निघाले. एक किलोमीटरहून लांब भुयार, वळणं घेत, चढत, माथ्यापुढच्या सुळक्याच्या पोटापर्यंत. २० जून १९१७ला तिथे सुमारे तेहतीस हजार किलो सुरुंगाची दारू उडवली. ऑस्ट्रियनांना ड्रिलचा आवाज कित्येक दिवस ऐकू येत होता, ते आधीच मागे सरकले होते. सुळका उडाला, खड्डा इटालियनांना मिळाला, माथा ऑस्ट्रियनांकडेच राहिला. आणि चार महिन्यांनी, लांब पूर्वेला कापोरेत्तोजवळ इटालियन फळी फुटली म्हणून इथली सगळी फौज एक दगडही न हरता खाली निघून गेली. रिकामा डोंगर, आत भुयार.

पहिल्यांदा हे भुयार मी २०११ मध्ये पाहिलं. कसं? रोपवेनं वर जाऊन, वरून खाली. बहुतेक सगळे तसंच करतात, कारण सोपं आहे. बरोबरच्या मित्रांना कोर्तिनात पिझ्झा खायचा होता, पन्नास मिनिटांत खाली आलो. मी, ज्याची रोजीरोटी डोंगर पोखरण्यावर चालते, त्यानं भुयार उलटं पाहिलं. वरून उतरणाऱ्याला ते ओला, निसरडा जिना वाटतं. कुणीतरी आपल्या सोयीसाठी बांधलेला. मला आठवतात ते फक्त माझे गुडघे.

तीन वर्षांनी खालून चढलो. तेव्हा कळलं की ही वर जायची गोष्ट आहे. प्रत्येक पायरीला पुढचा चेहरा, म्हणजे जिथे खोदकाम चालू असतं ती भिंत, तुझ्या डोक्याच्या वर असते. ड्रिलचं पाणी आणि भुकटी अंगावर येते. निघालेला दगड तुझ्या पाठीमागे खाली सरकतो आणि तो बाहेर टाकायला तोफांच्या माऱ्यात उघड्या पट्टीवर जावं लागतं. हे मी कुठे वाचलेलं नाही, पोटऱ्यांना समजलं. मध्येच बंदुकीसाठी कोरलेली एक खिडकी आली, त्यातून चिंक्वे तोर्रीचे पाच सुळके दिसले, त्यांच्या पायथ्याशी इटालियन तोफा होत्या. तिथे मी जेवणाचा डबा न उघडता बराच वेळ बसलो.

म्हणून पायथ्यापासून. तू म्हणशील काका तेच तेच सांगतात. हो, सांगतो. सिंहगडाला गाडीनं जाऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्यांना मी हसत नाही, भाकरी चांगलीच असते. पण अतकरवाडीतून घामाघूम होऊन वर आलेल्याला कड्याकडे बघताना जे विचारावंसं वाटतं ते गाडीवाल्याला सुचत नाही. हा भेद मी आयुष्यभर धरून बसलोय. बायको त्याला हट्ट म्हणते.

आता माझ्या आईचं सांगतो, नाहीतर तीच तुला फोनवर सांगेल. गेल्या वर्षी ती माझ्याकडे इन्सब्रुकला आली होती. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. तिला घेऊन फाल्झारेगोला गेलो. रोपवे समोर, तीन-चार मिनिटांत वर. ती म्हणाली, ‘जाऊया ना.’ आणि मी, काय सांगू, तत्त्वावर आलो. म्हटलं, तू खाली बस, कॉफी घे, मी चढून येतो, सगळं नीट सांगतो. साडेचार तास ती शाल गुंडाळून खिंडीत बसली. परत आल्यावर मी सुरुंग, मार्तिनीची पट्टी, तेहतीस हजार किलो, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘वर वारा कसा होता रे?’

मला आठवेना.

यावर मी बराच विचार केलाय आणि अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. नियम पाय असलेल्यांसाठी असतो. मी तो तिच्यावर लादला नाही, मी फक्त माझ्यापुरता पाळला. असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. तू वकिलीचा अभ्यास करतेयस, तुला यातली फट दिसली असेलच.

आणखी एक, मग थांबतो. आमच्या साताऱ्याकडच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. अशा पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. दहा वर्षं मी त्या पाटीला दप्तर टेकवून गोट्या खेळलो आणि एकदाही वाचली नाही. पुढे लागाझुओईवरून कोल दि लाना हा डोंगर बघताना ती आठवली. त्याचा माथा इटालियनांनी १७ एप्रिल १९१६च्या रात्री पाच टन दारूनं उडवला, वर असलेले सुमारे शंभर ऑस्ट्रियन त्याच्यासकट गेले. तिथून बारा दिवसांनी, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात कूतला इंग्रजांची उपाशी फौज तुर्कांना शरण गेली आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. आमच्या पाटीवरचे त्यातले किती, मी कधी शोधलं नाही. शोधायला हवं होतं. आजोबांना माहीत होतं, आणि मी त्यांना क्रिकेटचा स्कोअर विचारत असे. तुला एका गुहेत फोटो काढल्याची लाज वाटते, आणि तू ती मला विचारतेस!

आता कामाचं. सकाळी सातच्या आत खिंडीतून निघ, दुपारी वीज कडाडते आणि भुयारात जाईपर्यंतच्या वाटेवर लोखंडी तार आहे. हेल्मेट आणि डोक्याचा दिवा लागतोच, दोन्ही तिथे भाड्यानं मिळतात. हातमोजे मात्र स्वतःचे ने, आतली तार ओली आणि बर्फासारखी गार असते. चढ साधारण साडेसहाशे मीटरचा आहे, तुला जड नाही. माथ्याजवळच्या रिफ्यूजमध्ये एक रात्र राहा. संध्याकाळी कडे गुलाबी होतात, त्याला तिथले लादिन लोक एन्रोसादिरा म्हणतात. तेव्हा फोटो काढ, खुशाल काढ.

दुसऱ्या दिवशी वाल्पारोला खिंडीतल्या त्रे सास्सी किल्ल्यात जा. तोफांनी जुलै १९१५ मध्येच फोडलेला, आत आता संग्रहालय आहे. तिथे घाई करू नकोस.

आणि एक काम कर. खिंडीत उतरशील तेव्हा रोपवेच्या खिडकीवर विचारून मला कळव की जूनमध्ये शेवटची फेरी किती वाजता असते, आणि वर उतरल्यावर खुर्ची टाकायला सपाट जागा आहे का. आई पुन्हा येतेय.

तुझा,
काका